नववा रकाना

१२ नोव्हेंबर १९६१, उस्मानाबाद

भोक! शेवटी माझाच शब्द राहिला.

अख्खा दिवस नगररचनेच्या ऑफिसात एका फॉर्मवर गेला. पुढच्या आठवड्यात खडकदऱ्याची पाहणी. गाव आहे तिथंच सुधारायचं, की उचलून ढोकीच्या रस्त्यालगत आखलेल्या नवनगरात न्यायचं, ते या फॉर्मवरून ठरणार. फॉर्म पुण्याहून इंग्रजीत आला, मराठी मी करायचं. नवव्या रकान्यावर गाडी अडली. भिंतीची स्थिती. साहेबांनी लिहून ठेवलं होतं — सुस्थित, विदीर्ण, क्षतिग्रस्त. मी म्हटलं, साहेब, विदीर्ण म्हटलं तर गावकऱ्याला वाटेल घरात कुणाला रोग निघाला. खोडून तीन शब्द लिहिले. धड, तडा, भोक. साहेब हसले. संशोधनासाठी पुण्याहून आलेल्या नीलाबाईही हसल्या. “मार्तंडराव, हे मात्र झकास.”

निजामाच्या राज्यात शाळेत आम्ही उर्दू गिरवली. मराठी आली ती घरातून, वडिलांकडून. त्या घरच्या मराठीनं आज पुण्याच्या मराठीला गप्प केलं. मिरवतोय खरा, पण वहीत कोण बघतंय!

खडकदरा माझं गाव आहे हे मात्र ऑफिसात बोललो नाही. माझं म्हणजे — वडील तिथं मास्तर होते. दहा वर्षांचा होईतो मी तिथं वाढलो. आई तिथंच गेली.

१५ नोव्हेंबर

पेन्सिली, टेप, फॉर्मचे गठ्ठे बांधून झाले. विमलनं डब्याचं विचारलं. नको म्हटलं, गावात मिळेल. “तिथं कोण तुम्हाला ओळखतंय आता?” म्हणाली. तेही खरंच.

२० नोव्हेंबर, खडकदरा

अठ्ठावीस वर्षांनी आलो. वेस खचली आहे. शाळा होती तिथं शेळ्या. लिंब तेवढा तसाच, फक्त ठेंगणा झाल्यासारखा वाटतो.

मधल्या गल्लीत शिरलो आणि पायांनीच वाट काढली. उजवीकडचं तिसरं दार. दगडाबाईचं घर — निम्म्यात ती राहायची, निम्मं आम्हाला भाड्यानं. दारात बसून शेंगा फोडत होती. केस पांढरे, अंग सुटलेलं. आणि कान गेलेले. तीनदा नाव सांगितलं, पत्ता लागेना. मग ती उठली, माझा हात धरून आत नेलं, भिंतीतल्या देवळीला कान लावला आणि म्हणाली, “आता भितीकडं तोंड करून बोल.” मी म्हटलं, विष्णुपंत मास्तरांचा मार्तंड. तिनं ऐकलं, आणि त्याच देवळीत तोंड घालून ओरडली, “कस्तुरे! आगं मास्तरचं लेकरू आलंय गं!”

पलीकडच्या घरातून कस्तुराबाईच्या हसण्याचा आवाज. आणि देवळीतून एक सुरकुतलेला हात आला, तळव्यावर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. “घे. का आजून बापाची भीती हाय?”

मी चाळिशीला आलेला माणूस, खिशाला सरकारी पेन. भिंतीपाशी उभा राहून गूळ खाल्ला.

२१ नोव्हेंबर

काल लिहायचं राहिलं ते लिहून ठेवतो, नाहीतर जाईल.

खडकदऱ्यात भिंतीला भिंत लावून घरं. दोन घरांच्या मधल्या भिंतीत एक देवळी, पण आरपार. वीतभर रुंद, वीतभर उंच. गावात तिला हाकेची देवळी म्हणतात. भिंत घालतानाच गवंडी ती सोडतो. ती नसली तर म्हणत, शेजार धरला नाही. भांडण झालं की त्यात पाटा उभा करून ठेवायचा, मिटलं की काढायचा. दगडाबाई-कस्तुराबाईंचा पाटा माझ्या आठवणीत दोनदाच उभा राहिला, दोन्ही वेळा कोंबडीवरून.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा. वडील सोवळ्याचे. दुसऱ्याच्या घरी जेवायचं नाही ही सक्त ताकीद. वडिलांना धड भात येत नव्हता. आमच्या खोलीतून दगडाबाईकडं एक देवळी होती, तिच्याकडून पुढं कस्तुराबाईकडं दुसरी. कस्तुराबाईनं भाकरी भाजायची, वर लोण्याचा गोळा, इकडं सरकवायची. दगडाबाई त्यावर चटणी घालून आमच्या देवळीत ठेवायची. मी कुणाच्या घरी गेलो नाही, कुणी आमच्या घरात आलं नाही. भाकरी आपली भिंतीतून यायची. वडिलांना सगळं ठाऊक असणार. एकदा देवळीकडं पाठ करून म्हणाले, “आज चटणी फार तिखट होती का रे? नाक ओढतोयस.”

दोघी आता एकट्या. दगडाबाईचा मुलगा बलभीम सोलापूरच्या गिरणीत. कस्तुराबाईला मूलबाळ झालं नाही. रझाकारांच्या दिवसांत गल्लीच्या टोकाला कुजबुजलेली खबर भिंतीभिंतींतून वेशीपर्यंत जायची, एकही दार न उघडता. कस्तुराबाई आजही ते रंगवून सांगते.

२२ नोव्हेंबर

सकाळी मुद्दाम लवकर गेलो. कस्तुराबाईचा हात देवळीतून आला, हातात शेणी. “इस्तू दे गं.” दगडाबाईनं चुलीतला निखारा ठेवला. मी म्हटलं, काडेपेटी नाही का घरात? कस्तुराबाई पलीकडून, “हाय की. दोन हायती.” मग? तर म्हणते, “इस्तू मागितला न्हाय तर ही उठून बघती, म्या हाय का गेले.” दोघी मनसोक्त हसल्या.

त्यांच्या घरांचे फॉर्म मी भरले नाहीत. नीलाबाईंकडं दिले. आपल्या माणसांना आपणच प्रश्न विचारणं बरं दिसत नाही.

२ डिसेंबर, उस्मानाबाद

गोषवारा झाला. घरं चौऱ्यांशी. नवव्या रकान्यात — धड नऊ, तडा चौदा, भोक एकसष्ट.

एकसष्ट! साहेब खुर्चीतून उठले. “चारातल्या जवळपास तीन घरांना भोकं! अहो, हे गाव पडायला आलंय. सुधारायचं काय यात?” फॉर्म भरणारी पोरं सोलापूर-पुण्याची. भिंतीला भोक दिसलं, त्यांनी भोक लिहिलं. शब्द तर मीच दिला होता.

मी तोंड उघडलं नाही. का, ते इथं तरी लिहावं. आमच्या त्या खोलीला खिडकी नव्हती. वर माळवदात उजेडापुरतं एक सवणं होतं, टोपलीएवढं, पावसाळ्यात तेही झाकलेलं. आई दोन वर्षं खोकत त्या अंधारात पडून होती. तालुक्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, हवा-उजेड पाहिजे. तो कुठून आणणार? नवनगराच्या नक्शात प्रत्येक घराला चार खिडक्या आहेत. त्या मी काढल्यात, माझ्या हातानं. गाव जागेवरच सुधारायचं ठरलं तर काय होईल ते माहीत आहे — दोन गटारं, एक दिवा, संपलं.

आणि खोटं कुठं लिहिलंय? भोक म्हणजे भोकच.

५ डिसेंबर

नीलाबाई हुशार. आज विचारलंच. “मार्तंडराव, ती भोकं मला नीट चौकोनी दिसली. काठाला शेणानं सारवलेलं. दगडाबाईंच्या देवळीत तर फुलं होती. पडलेल्या भिंतीला कोण फूल वाहतं?” मी म्हटलं, जुन्या चाली असतात. त्यांनी अहवालाला एक तळटीप लिहून आणली. ‘यांतील बहुसंख्य छिद्रे हेतुपुरस्सर ठेवलेली असून शेजारसंपर्काचे साधन असावीत, फेरतपासणी इष्ट.’ अक्षर मोत्यासारखं.

टंकलेखनाला द्यायचं काम माझ्याकडं.

६ डिसेंबर

तळटीप गाळली. नीलाबाईंना म्हटलं, पान लांबत होतं.

१४ जानेवारी १९६२

संक्रांत. सुट्टी असून नक्शा घरी आणला. जमिनीवर पसरून बसलो होतो. विमल तिळगूळ घेऊन आली ती पदर सावरत नक्शाच्या कडेकडेनं चालली, पायाखाली घर यायला नको म्हणून. “इतक्या खिडक्या वाटताय लोकांना. आमच्या स्वयंपाकघराला एक तरी ठोका.” धुरानं तिचे डोळे लाल. हसलो, पण लाज वाटली.

रुंद रस्ते. बाजार, शाळा, दवाखाना. घरामागं परसू. आणि दर दोन घरांत दहा फूट मोकळे. वारा खेळायला पाहिजे. रेघा मारताना मला सारखी आई दिसत होती — उन्हाच्या पट्ट्यात खाट टाकून बसलेली, तशी कधी बसली नाही ती.

२० मार्च

मंजूर! खडकदरा उठणार. नवनगरात चौऱ्यांशी घरं. साहेबांनी पेढे मागवले. नीलाबाईंनी पेढा घेतला आणि कागदात गुंडाळून ठेवला.

८ एप्रिल, खडकदरा

नक्शा दाखवायला चावडीपुढं सभा. सरपंच कोंडीराम सगळ्यांत आधी म्हणाला, चांगलंय, एस. टी. दारात येईल. तरुणांना आवडलं. बायकांनी नळाचं विचारलं. मी अगदी रंगात येऊन सांगत होतो.

सभा संपल्यावर दगडाबाईनं घरी नेलं. पाटावर बसवलं. “नक्शात म्या कुटं?” मी उगाच एका घरावर बोट ठेवलं. “आन् कस्तुरी?” खरं तर अजून कुणाचंच ठरायचं आहे म्हटलं, चिठ्ठ्या टाकणार. मग देवळीला कान लावून पुन्हा वदवून घेतलं. पलीकडं कस्तुराबाई होतीच.

“दोन घरांत धा फूट? धा फूट म्हंजी किती?” दगडाबाईनं विचारलं.

चालून दाखवलं. चार पावलं.

“मधी काय आसंल?”

“हवा.”

“हवा भाईर लई हाय की रं.” आणि मग हसणं सोडून म्हणाली, “लेकरा, म्या तुला कदी काय मागितलं न्हाय. आमा दोघीला एका भितीला ठेव. बाकी तुज्या खिडक्या कुटं बी बसीव.”

शब्द दिला. भिंतीला हात लावून दिला.

११ एप्रिल, उस्मानाबाद

दोन दिवस बसून जोडघराचा नक्शा काढला. दोन घरं, मध्ये एकच भिंत, खिडक्या पुढं-मागं आणि एकेका बाजूला. उजेडही राहतो, शेजारही. चांगला जमला होता. साहेबांपुढं ठेवला. त्यांनी अहवाल उघडून माझ्याचपुढं सरकवला. पान सतरा. ‘सामाईक भिंती हे घरे खचण्याचे प्रमुख कारण दिसते. चौऱ्यांशीपैकी एकसष्ट.’

“आकडे तुमचेच ना, मार्तंडराव?”

एवढंच सांगायचं होतं — साहेब, ती भोकं नाहीत, हाकेच्या देवळ्या आहेत, मी तिथं वाढलोय, तळटीप मी गाळली. चार वाक्यं. पण मग सगळा अहवाल उलटणार. मंजुरी उलटणार. खिडक्या जाणार.

“हो, माझेच,” म्हटलं.

नक्शा गुंडाळून आणला. आता कपाटावर आहे.

१२ एप्रिल

शेजारचे गाळे तर मिळवून देईन. चार पावलं म्हणजे काय लांब आहे?

२ फेब्रुवारी १९६३

नवनगरात चिठ्ठ्या निघाल्या. दगडाबाईला बावीस, कस्तुराबाईला एकाहत्तर. दुसऱ्या टोकाला! ज्याला तेवीस आला होता त्याच्या हातापाया पडलो. कस्तुराबाईचा एकाहत्तर कोपऱ्याचा आहे म्हटलं तेव्हा कबूल झाला. साहेबांची सही, कोंडीरामाचा अंगठा, सगळं आजच उरकलं. बावीस आणि तेवीस. कस्तुराबाईला निरोप धाडला. तिचा उलट निरोप, “मास्तरच्या पोरानं बोल राखला.”

अर्धाच राखला, हे तिला कोण सांगणार.

२६ एप्रिल, नवनगर

अक्षय्यतृतीया. गाव उठलं. बैलगाड्यांवर कणग्या, उखळं, देव्हारे. कोंबड्या टोपल्यांत. बलभीम सोलापूरहून आला होता, त्यानं दोघींचंही सामान हलवलं. लोक खुशीत. पोरं खिडक्या उघडत होती, लावत होती, पुन्हा उघडत होती. मलाही भरून आलं. उगाच नाही कशाला म्हणू.

निघताना दगडाबाई जुन्या घरात मागं राहिली. बोलवायला गेलो. देवळीतली फुलं काढून पदरात बांधत होती. पलीकडून कस्तुराबाईही तेच करत होती. भोकातून तिचा हात तेवढा दिसला.

नव्या घरात दगडाबाईनं प्रत्येक भिंतीवरून तळवा फिरवला. चारही भिंती. विटा, चुना, वर पांढरा रंग. “लई गुळगुळीत झालीया,” म्हणाली.

३ जून

कामानिमित्त नवनगरला. सकाळची वेळ. कस्तुराबाई अंगणात शेणी धरून उभी, दगडाबाई पळीत निखारा घेऊन निघाली. चार पावलांत वाऱ्यानं विझला. परत गेली, दुसरा आणला. तोही विझला. कस्तुराबाई म्हणाली, “ऱ्हाऊ दे. हाय माझ्याकडं काडीपेटी.” माझ्याकडं बघून हसली. “तुजी हवा लई जोरात हाय, बाबा.”

आता दोघी आपापल्या काडीनं चूल पेटवतात म्हणे. उन्हाळ्यात अंगणात झोपतात, मग गप्पा होतात. पावसाळ्याचं पावसाळ्यात.

जाता जाता जुन्या खडकदऱ्यावरून गेलो. लाकूडफाटा काढून नेल्यावर भिंती उरल्या आहेत. मधल्या गल्लीतल्या एखाद्या घरात उभं राहिलं की सगळ्या देवळ्या एका ओळीत दिसतात. आमच्या खोलीतून बघितलं. दगडाबाईचं घर, कस्तुराबाईचं, मग पुढचं, त्याच्याही पुढचं. टोकाला वेशीजवळचं आभाळ. लहान असताना कुणीतरी मध्ये असायचंच, कधी टोकापर्यंत दिसलं नव्हतं.

१९ सप्टेंबर

ऑफिसातल्या चहाच्या खोलीला खिडकी पाडली. विमलला सांगितलं तर म्हणते, घरचीच तेवढी राहिली. पुढच्या महिन्यात नक्की.

११ जानेवारी १९६४

फेरपाहणीचा हुकूम. नवनगरात लोक कसे रमले ते बघायचं. नीलाबाई पुन्हा पुण्याहून आल्या आहेत. फॉर्म जुनाच, म्हणजे तुलना करता येईल. त्यांनी नवव्या रकान्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. दोन वर्षांत विसरल्या नाहीत.

मीच म्हटलं, तळटीप मी गाळली होती. कारण पानाचं नव्हतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, “या वेळी आपण दोघं मिळून लिहू. जोडघराचा नक्शाही जोडू. पुढच्या नगराला तरी होईल.” कपाटावरून नक्शा काढला. धूळ झटकली. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! दगडाबाईच्या आणि कस्तुराबाईच्या भिंतींत अजूनही काही करता येईल, मधल्या जागेवर छप्पर घालता येईल. सतरा तारखेला जाऊ तेव्हा मोजून घेतो.

विमलनं तिळगुळाच्या दोन पुड्या बांधून ठेवल्या. एक दगडाबाईची, एक कस्तुराबाईची.

१७ जानेवारी, नवनगर

कस्तुराबाई गेली. भोगीच्या पहाटे, चुलीपाशी पडली. थंडीमुळं खिडक्या लावलेल्या, दोन्ही घरांच्या. दगडाबाईला कळलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, तिळगूळ घेऊन गेली तेव्हा. जीव लगेच गेला नसणार, असं डॉक्टर म्हणाले.

दगडाबाई दारातच होती. माझा हात धरून तिच्या भिंतीपाशी नेलं, चुन्यावर कान लावून दाखवला. “हाक मारली आसंल तिनं. पर भित लई पक्की बांधलीस रं लेकरा.”

गाळा क्रमांक बावीसचा फॉर्म या वेळी मीच भरला. रकाना नववा, भिंतीची स्थिती — धड.